थांबलं की उडून जातं

संध्याकाळी सहाला शिफ्ट ताब्यात घेतली तेव्हा मोठ्या टाकीच्या गेजवर ६.१ बार दिसत होतं. सकाळी सहाला वहीत मी ६.८ लिहिलं. बारा तासांत दोनच गाड्या भरून गेल्या होत्या. कुठे गळती नव्हती, कुठला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला नव्हता, तरी काटा चढला होता. बाहेर मे महिना, आत उणे दीडशेच्या आसपासचं द्रव, आणि मध्ये फक्त एक निर्वात पोकळी. टाकी कितीही चांगली बांधा, थोडी ऊब आत शिरतेच. ती शिरली की द्रवाचा थोडा वायू होतो आणि दाब वाढतो. गाडी आली नाही म्हणून आमचा माल गप्प पडून राहत नाही. रात्रभर आत त्याचं काहीतरी चाललेलं असतं.

पुणे-बेंगळूर महामार्गावर, कोल्हापूरच्या अंगाला एका एलएनजी पंपावर मी काम करतो. लोकांना अजून हे नाव नवं आहे. गाडी थांबवून विचारतात, ‘सीएनजी हाय का?’ नाही म्हटलं की, ‘मग घरचा गॅस?’ तोही नाही. घरचा एलपीजी दाबाखाली द्रव होतो आणि उन्हात ठेवला तरी सिलिंडरात द्रवच राहतो. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. आपल्या हवेत त्याला कितीही दाबलं तरी त्याचं द्रव होत नाही, त्यासाठी तो गारच करावा लागतो, उणे १६२ अंशांपर्यंत. मग सहाशे लिटर वायू एक लिटरभर जागेत मावतो. सीएनजीत हाच वायू दोनशे-अडीचशे बारला दाबून भरतात. रिक्षाला ते पुरतं. चाळीस टनांचा ट्रेलर हजार किलोमीटर न्यायचा तर तेवढे सिलिंडर ठेवायला चेसीवर जागा उरणार नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या अवजड गाडीला द्रवरूप वायू.

मी या कामात आलो ऑक्सिजनमधून. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि दवाखान्यांत द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या भरायचं काम मी बरीच वर्षं केलं. तो तर आणखी गार, उणे १८३. माझ्या डाव्या मनगटावर बोटभर लांब पांढरट डाग आहे, तो त्या दिवसांतला. हातमोजा आणि बाही यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं होतं, तेवढ्यात फिटिंग लागलं. भाजल्यासारखंच होतं. आधी काही कळत नाही, मग कातडी चिकटते. ओढायची नाही, कोमट पाणी सोडायचं, हे मला तेव्हा एका जुन्या फिटरमामांनी शिकवलं. आता नवीन पोरं आली की मी पहिल्या दिवशी मनगट दाखवतो.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आम्ही झोपलो नाही. टँकर कधी येतोय याकडे अख्खा जिल्हा डोळे लावून बसलेला. सीपीआर रुग्णालयाच्या आवारात टाकी भरताना बाहेर नातेवाईक उभे असायचे, कुणी काही बोलायचं नाही, नुसतं आमच्या हाताकडे बघायचे. २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. टीव्हीवर तो पांढरा ढग लोकांनी पाहिला. मला त्यात दुसरंच दिसत होतं. तो ढग म्हणजे हवेतलं बाष्प गोठलेलं असतं. खरा वायू डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवसापासून कुठलीही जोडणी हाताळताना माझा हात आधीपेक्षा सावकाश चालतो. पुढे एलएनजीच्या पंपावर माणसं हवीत असं कळलं तेव्हा मी गेलो, कारण गार द्रवाची भीती आणि माया दोन्ही माझ्या अंगात मुरलेली होती.

पण ऑक्सिजन आणि मिथेन एक नव्हे. प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवली ती विजारीची. विजारीचा पाय बुटाच्या बाहेरून सोडायचा, बुटात खोचायचा नाही. द्रव सांडलं तर ते बुटात उतरता कामा नये. चेहऱ्यावर पूर्ण काच, कोपरापर्यंत मोजे, अंगावर चामडी एप्रन. गाडी लागली की चाकाला अडसर, इंजिन बंद, मग अर्थिंगची तार. नोझल लावायच्या आधी गाडीचं तोंड कोरड्या वायूने फुंकून घ्यायचं. एक थेंब पाणी तिथे राहिलं तर त्याचा बर्फ होतो, नोझल अडकतं, आणि मग सुटायला अर्धा तास.

दुसरी गोष्ट वासाची. जतकडचे एक वयस्क ड्रायव्हर पहिल्यांदा भरायला आले. मोबाईल केबिनमध्ये ठेवा म्हटलं तर मुकाट ठेवला, लांब उभे राहिले, आणि बराच वेळ नाक वर करून हुंगत होते.

‘‘सायेब, वास येईना की ह्याला. गळलं तर कळायचं कसं?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. घरच्या गॅसला मूळचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो. एलएनजीत तसा घालता येत नाही, एवढ्या थंडीत तो वासाचा पदार्थच गोठून बसतो. म्हणून पंपावर ठिकठिकाणी मिथेन ओळखणारी यंत्रं लावलेली आहेत. मी त्या ड्रायव्हरमामांना ती एकेक दाखवली, त्यांच्या गाडीतलंही दाखवलं. हेही सांगितलं, की हवेत पाच ते पंधरा टक्के वायू मिसळला तरच तो पेटतो, गार असताना जमिनीलगत सरपटतो आणि ऊब लागली की वर निघून जातो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे मोकळ्या रानात भ्या न्हाई, कोंडलेल्या जागंत हाय?’’ माझ्या तासाभराच्या प्रशिक्षणाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. तेव्हापासून मी नव्या ड्रायव्हरना हेच शब्द सांगतो.

आता माझ्या कामातली खरी गोष्ट सांगतो, जी बाहेरून कुणाला दिसत नाही. टाकीतून गाडीपर्यंत द्रव पोचवायला पंप आहे, पाइप आहेत, होज आहे. गाडी येण्याआधी हे सगळं हवेच्या तापमानाला असतं. त्यात उणे दीडशेचं द्रव सोडलं की तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं ते उकळतं. पाइप गार होईपर्यंत पहिला काही माल गाडीत जातच नाही, वायू होऊन टाकीत परत येतो आणि तिथला दाब वाढवतो. याला आम्ही कूलडाउन म्हणतो. एकापाठोपाठ आठ गाड्या लागल्या तर कूलडाउन एकदाच. पाच-पाच तासांनी एकेक गाडी आली तर प्रत्येक वेळी नव्याने. म्हणजे विक्री कमी झाली की नुसतं उत्पन्न घटत नाही, असलेला मालही झिजतो. डिझेलचा पंप आठवडाभर बंद ठेवा, जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल आहे तिथे आहे. आमच्याकडे फार दिवस गिऱ्हाईक नाही आलं तर दाब मर्यादेपर्यंत जातो आणि वायू सोडायची वेळ येते. शिवाय उडून जातो तो आधी मिथेनच. मागे राहतात ते इथेन-प्रोपेनसारखे जड घटक, आणि त्यांचं प्रमाण वाढलं की इंजिन ठोकायला लागतं. माल नुसता कमी होत नाही, शिळाही होतो.

शिळा हा शब्द माझ्या तोंडी सहज येतो, कारण मी दुधाच्या घरातला. आमच्याकडे दोन म्हशी होत्या. पहाटे वडील धारा काढायचे आणि मी किटली घेऊन संस्थेत पळायचो. वेळ चुकली की दूध परत. पाऊस असो, घरात कुणी गेलेलं असो, दूध थांबत नाही. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, आपला गोकुळ, १९६३ ला उभा राहिला तो याच गोष्टीवर. गावोगावी संस्था, सकाळ-संध्याकाळ संकलन, ठरलेल्या वेळेला येणारी गाडी, शीतकरण, आणि रात्रीतून मुंबईकडे निघणारे टँकर. न थांबणाऱ्या मालाभोवती जाळं कसं विणायचं हे या जिल्ह्याने साठ वर्षांपूर्वी करून दाखवलंय. त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे संस्था आधी की म्हैस आधी असा वाद घालत कुणी बसलं नाही. ज्या गावात पाच-पंचवीस घरं दूध घालायला तयार होती तिथे संस्था निघाली, आणि संस्था निघाली म्हणून सहाव्या घराने म्हैस घेतली.

एलएनजीचं उलटं झालं. १९ नोव्हेंबर २०२० ला तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी सुवर्ण चतुष्कोन आणि मोठ्या महामार्गांवरच्या पहिल्या ५० एलएनजी पंपांची पायाभरणी केली. तीन वर्षांत १,००० पंप उभारायचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. जुलै २०२१ मध्ये नागपूरजवळ कामठी रस्त्यावरच्या पंपाचं उद्घाटन नितीन गडकरींनी केलं. २०२२ मध्ये चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सचा एलएनजी ट्रकचा कारखाना सुरू झाला. एसटीच्या ५,००० बस एलएनजीवर आणायची योजना जाहीर झाली. हे सगळं मी वर्तमानपत्रांतून कात्रणं काढून ठेवल्यासारखं लक्षात ठेवलंय, कारण यातल्या प्रत्येक बातमीने आमच्या पंपावर चार दिवस उत्साह यायचा. पण हजार पंपांच्या जवळपासही गाडी गेली नाही. पंपवाला म्हणतो आधी ट्रक दाखवा, ट्रकवाला म्हणतो आधी पंप दाखवा. हे वाक्य दिल्लीच्या बैठकीत कुणी बोललं तर ते धोरण ठरतं. माझ्यासाठी तो सहा पॉइंट एकवरून सहा पॉइंट आठवर गेलेला काटा असतो.

एक गाडीमालक गेल्या वर्षी वारंवार येऊन बसायचे. फौंड्रीचा माल वाहतात, कास्टिंग भरून चाकणला, कधी होसूरला. डिझेलच्या गाडीपेक्षा ही गाडी बऱ्याच लाखांनी महाग, वर बँकेचा हप्ता. म्हणाले, ‘‘घेतो म्हणतोय दोन, पण वाटंत संपलं तर? डिझेल कॅनमधनं आणता येतंय. हे कशातनं आणू?’’

मी वही काढली आणि त्यांच्याच फेऱ्या मांडल्या. मोठी टाकी ९९० लिटरची. एक लिटर एलएनजीत साधारण ०.६ लिटर डिझेलएवढा दम असतो. भरल्या गाडीला एका टाकीत हजार किलोमीटर धरायला हरकत नाही. कोल्हापूर ते चाकण आणि परत, सव्वापाचशे-साडेपाचशे. म्हणजे वाटेत एकही पंप नसला तरी चालतं, घरी येऊन भरायचं. होसूर मात्र एका बाजूनेच साडेसहाशेच्या पुढे. तिथे वाटेत किंवा पलीकडे पंप हवाच. मी त्यांना सरळ सांगितलं, होसूरला डिझेलचीच गाडी पाठवा, चाकणला ही. त्यांनी दोन गाड्या घेतल्या आणि फक्त चाकणच्या पट्ट्यावर ठेवल्या. मला वाटतं नकाशावर दोनशे-दोनशे किलोमीटरवर ठिपके काढण्यापेक्षा हे जास्त खरं जाळं आहे. एखाद्या औद्योगिक वसाहतीतून रोज त्याच वाटेने जाऊन-येऊन करणाऱ्या वीस गाड्या असतील तर तिथे एक पंप नुसता टिकेल असं नाही, बहरेल. कोल्हापुरात तसे रस्ते आहेत. साखर बंदराकडे जाते, कास्टिंग पुण्याकडे, दूध मुंबईकडे.

एक सल माझ्या मनात कायम आहे. गुहागर तालुक्यात दाभोळजवळ एलएनजीचं टर्मिनल आहे, कोल्हापूरपासून फार तर दोनशे किलोमीटर. एन्रॉनच्या काळापासून त्या जागेचं नाव आपण ऐकत आलोय. २०१३ पासून तिथे जहाजं लागायला लागली, पण लाटा अडवणारा बंधारा पुरा नसल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात टर्मिनल बंद राहायचं. तिथून बेंगळूरकडे ‘गेल’ कंपनीची जी वायूवाहिनी गेली आहे ती आपल्याच जिल्ह्यातून जाते, पण त्यात वाहतो तो वायू. द्रव हवं तर आमचा टँकर दहेजहून यायचा, भरूचच्या पलीकडून, सातशे किलोमीटर. सतरा-अठरा टन माल घेऊन तो मुंबईची कोंडी, खंबाटकी घाट पार करत येतो, आणि त्या प्रवासातही माल थोडाथोडा गरम होत असतो. शिवाय हे सगळं समुद्रापलीकडून आलेलं. देशाला लागणाऱ्या वायूतला निम्म्याच्या आसपास आपण बाहेरून आणतो, त्यात कतारचा वाटा मोठा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध भडकलं तेव्हा जगभर एलएनजीचे भाव असे चढले, की नव्या गाड्या घेणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ड्रायव्हर मला विचारतात, हे स्वस्त राहील का? मी त्यांना खोटं सांगत नाही. धूर नाही, काजळी नाही, इंजिनाचा आवाज कमी, हे मी छातीठोकपणे सांगतो. भावाचं सांगत नाही.

२०२४ चा जुलै मी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद पडलेला सगळ्यांनी पाहिलाय. किणीपर्यंत आणि त्याही पलीकडे ट्रक उभे, ड्रायव्हरना गावकऱ्यांनी भाकरी नेऊन दिलेल्या. त्यामुळे त्या जुलैत पाणी ४३ च्या वर गेलं तसं सगळ्यांनी माल भरणं थांबवलं. कामगारच कारखान्यांत पोचत नव्हते. आमच्याकडे आदल्या दिवशी फुल्ल भरून गेलेल्या चार गाड्या गोकुळ शिरगावच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या.

नवी भरलेली टाकी पाच-सहा दिवस काढते. पण ड्रायव्हर घरी गेलेले, गेज बघणार कोण? पाचव्या दिवशी मी रेनकोट घालून दुचाकीवर गेलो. पहिल्या गाडीला १३ बार, दुसरीला १४ च्या वर. साधारण १६ ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. मी मालकांना फोन केला, गाड्या चालू करून फिरवून आणा म्हणालो. इंजिन चालू झालं आणि दाब जास्त असला की गाडी आधी वरचा वायू ओढते, द्रवाला हात लावत नाही. तासभर चाललं की दाब उतरतो. मालक म्हणाले, ‘‘रिकामी गाडी फिरवायची? भाडं कोण देणार?’’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भाड्याशिवाय चाक फिरवायचं नाही, हे त्या धंद्यात प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं.

त्या रात्री एका गाडीचा व्हॉल्व्ह उघडला. मी तिथेच होतो. केबिनमागच्या उभ्या नळीतून आधी बारीक शीळ, मग जोरात फुसकारा, आणि दिव्याच्या उजेडात पांढरा ढग वर चढत गेला. चहाच्या टपरीवरची माणसं उठून पळाली. मी ओरडून सांगत होतो, सिगारेट विझवा, गाड्या चालू करू नका, लांब व्हा, काही होणार नाही. काही झालंही नाही, व्हॉल्व्हने त्याचं काम केलं, मिनिटाभरात मिटला. पण मला त्या मिनिटाचं वाईट वाटलं ते आजही वाटतं. मिथेन असा हवेत सोडला तर वीस वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो. ज्या धुराचं निमित्त करून आपण ही गाडी घेतली, त्यात कमावलेलं सगळं अशा फुसकाऱ्यांत जाऊ शकतं. शिवाय टपरीवरची ती दहा माणसं आता गावभर सांगणार होती, की त्या गॅसच्या गाडीतनं काहीतरी फुटलं.

पहाटे मी जतच्या त्या मामांना फोन केला. ते पुरात अडकून बहिणीकडे कागलला राहिले होते. म्हणाले, ‘‘भाड्याचं काय ते मागनं बघू, मालकास्नी मी बोलतो.’’ दुसऱ्या एका गाडीवाल्याच्या मागे बसून पावसातच ते आले. चारही गाड्या त्यांनी एकेक करून कागलपर्यंत नेल्या आणि आणल्या, तो रस्ता चालू होता. मी दर चकरीला वहीत आकडा लिहीत होतो. १५ चे ११, १४ चे १०. दुपारी मालक स्वतः आले, वही बघितली, आणि मामांच्या हातात पैसे ठेवले. त्यानंतर आम्ही नियमच केला. गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर ड्रायव्हरने गेजचा फोटो मला पाठवायचा. सण असो, सुतक असो. आता माझ्या फोनमध्ये मुलांच्या फोटोंपेक्षा काट्यांचे फोटो जास्त आहेत.

चाकणच्या त्या दोन गाड्यांच्या मालकांनी या दिवाळीनंतर आणखी तीन घेतल्या. शिरोलीच्या दुसऱ्या एकाने दोन. परवा सकाळी पावणेसातला पहिली लागली. होजवर नेहमीप्रमाणे बर्फाची साय धरली, आधी नोझलजवळ, मग हळूहळू मागे पसरत डिस्पेन्सरपर्यंत. गाडी भरून सुटली. एरवी मी होज हुकाला अडकवून बाजूला होतो, आणि उन्हात ती साय दहा-पंधरा मिनिटांत विरघळून खाली फरशीवर पाण्याचा डाग पडतो. परवा मी हुकाला होज लावेपर्यंत दुसरीचा हॉर्न आला, आणि तिच्यामागे तिसरी वळणावर दिसत होती. मी मोजे काढलेच नाहीत. तिसरी सुटली तेव्हा आठ वाजत आले होते, फरशी कोरडी होती, आणि होज टोकापासून टोकापर्यंत पांढरा होता.